शाळेची निधी-पदयात्रा: रस्त्यावरून की मैदानावर? आणि पैसे कसे हाताळायचे?

गोदाकाठ · १८ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाने जिल्ह्यातल्या एका बालगृहासाठी पदयात्रा काढायचं ठरवलं आहे. संस्था नोंदणीकृत आहे. तिथल्या मुलांसाठी पलंग, गाद्या आणि अभ्यासिकेचं सामान घ्यायचं आहे. पाचवी ते नववीच्या दहा तुकड्या, एकूण ४२० मुलं. आजवरचं ठरलेलं असं:

बालदिनी, म्हणजे १४ नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता शाळेतून निघायचं. गंगापूर रोडने ३ किलोमीटर चालून परत यायचं. प्रत्येक मुलाकडे एक तक्ता असेल. नातेवाईक आणि शेजारी त्यावर 'किलोमीटरमागे इतके रुपये' असं लिहून देतील. सगळ्यांत जास्त निधी जमवणाऱ्याला सायकल. सगळ्या मुलांना टी-शर्ट.

दोन प्रश्न आहेत. एवढी मुलं रस्त्यावरून न्यावीत, की मैदानावरच फेऱ्या माराव्यात? आणि पैसे जमवण्याची, पावत्यांची पद्धत कशी असावी? माहीतगारांनी स्पष्ट लिहावं, बदल करायला अजून वेळ आहे.

शिट्टीवाला · १८ ऑक्टोबर, रात्री ९:४८

आधी तारीख बदला. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे १४ तारखेला बऱ्याच शाळांची दिवाळीची सुट्टी संपत आलेली असेल किंवा नुकतीच संपली असेल. तालमीला एकही दिवस मिळणार नाही. त्यात १५ ऑक्टोबरपासून विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आहे. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, शाळेची इमारत मतदान केंद्राला आणि पोलिस बंदोबस्ताला. या काळात रस्त्यावरच्या कोणत्याही मिरवणुकीची परवानगी मागणं म्हणजे अर्ज पडून राहणं.

सुमन_ताई · १८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

डिसेंबरात घ्या. मात्र ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो आणि त्याचा निधीही शाळांमधूनच जमतो. एकाच घरी आठ दिवसांत दोनदा हात पसरला की दुसऱ्या वेळी माणसं आखडता हात घेतात. दोन्ही कामं महत्त्वाची आहेत, म्हणून मध्ये दोन आठवडे तरी जाऊ द्या. २१ डिसेंबर शनिवार आहे, शाळा सकाळचीच असते.

जानेवारीवर ढकलू नका. संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस रस्त्यावर मांजा लोंबकळत असतो. बंदी असूनही नायलॉनचा मांजा सापडतो आणि त्याने गळे कापले जातात, हे नाशिक-येवल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मुलांची रांग त्यातून नेऊच नये. शिवाय जानेवारीत दहावीच्या पूर्वपरीक्षा सुरू होतात, मग शिक्षक मिळत नाहीत.

पायवाट · १९ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

तारखेबद्दल सुमनताईंशी सहमत. आता रस्त्याचं गणित मांडतो, कारण बहुतेक शाळा इथेच फसतात.

एका तुकडीत ४२ मुलं. दोन-दोनच्या रांगेत २१ जोड्या. दोन जोड्यांत सव्वा मीटर धरलं तर एक तुकडी साधारण २५ मीटर लांब होते. दोन तुकड्यांमध्ये १० मीटर अंतर हवंच, नाहीतर मागचे पुढच्यांच्या टाचा तुडवतात. म्हणजे दहा तुकड्यांची रांग ३५० मीटर. गटाने चालणाऱ्या मुलांचा वेग तासाला ३ किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे सेकंदाला ८० ते ८५ सेंटिमीटर. एका ठिकाणावरून पूर्ण रांग जायला सात मिनिटं लागतात. एवढा वेळ कोणताही सिग्नल हिरवा राहत नाही आणि सात मिनिटं चौक अडवून धरायला पोलिसही राजी होत नाहीत.

यावर उपाय एकच. चौकात एकेक तुकडी वेगळी न्यायची. ओलांडण्याआधी कडेला थांबवून दोनाच्या रांगेची चाराची रांग करायची. लांबी १३ मीटर, रस्त्याची रुंदी १२ मीटर धरा, म्हणजे २५ मीटर. अर्ध्या मिनिटात तुकडी पलीकडे. दोनाच्याच रांगेत नेली तर पाऊण मिनिट लागतं. प्रत्येक वेळी एक पूर्ण तुकडी पलीकडे गेल्याशिवाय दुसरीने पाऊल टाकायचं नाही. आणि तुकडी अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे अशी कधीच तोडायची नाही. तुटलेला मागचा भाग पुढच्यांना गाठायला धावतो, तिथेच अपघात होतो.

म्हणून मार्ग निवडताना अंतर नंतर बघा. आधी मोठे रस्ते किती वेळा ओलांडावे लागतात ते मोजा. डाव्या वळणांचा गोल मार्ग आखला तर एकही मोठा रस्ता न ओलांडता शाळेत परत येता येतं, कारण आपण सतत डाव्या कडेनेच चालत असतो. त्यात लागतात त्या डावीकडून येणाऱ्या गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा हवा.

अनघा_पु · १९ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

वाचनखूण साठवली. एक शंका: रस्त्यावर पायी चालणाऱ्यांनी उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं, असं शिकवतात ना?

पायवाट · १९ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

पदपथ नसेल आणि एकटं-दुकटं चालायचं असेल तर ते बरोबर आहे. साडेतीनशे मीटरच्या रांगेला मात्र मिरवणुकीसारखी वागणूक मिळते. ती कोणत्या कडेने जाणार हे वाहतूक शाखा परवानगी देताना सांगते आणि तेच पाळायचं. अर्जात तुम्ही डाव्या वळणांचा नकाशा दिलात तर त्यांचंही काम सोपं होतं. जिथे सलग पदपथ आहे तिथे पदपथावरूनच.

शिट्टीवाला · १९ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

परवानग्यांची यादी एका ठिकाणी लिहितो:

१. स्थानिक पोलिस ठाण्याला मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज, शाळेच्या लेटरहेडवर. त्यात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मुलांची आणि मोठ्यांची संख्या, मार्गाचा हाताने काढलेला असला तरी चालेल असा नकाशा, दोन जबाबदार माणसांचे फोन.
२. त्याचीच प्रत वाहतूक शाखेला.
३. महानगरपालिकेला, उद्यानात किंवा पालिकेच्या मैदानावर थांबणार असाल तर.
४. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर वेगळी परवानगी. शाळा, रुग्णालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित केलेलं असू शकतं, हे लोक विसरतात. शाळा स्वतःच शांतता क्षेत्रात असू शकते. हातातला छोटा भोंगा आणि शिट्ट्या पुरतात, गाड्यावरचे स्पीकर नकोत.
५. फलक. विजेच्या खांबांवर, झाडांवर, भिंतींवर काही लावू नका. त्यासाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. हातात धरायचे कापडी फलक करा, पुढच्या वर्षीही वापरता येतील.

अर्ज किमान तीन आठवडे आधी द्या आणि पोचवर शिक्का घ्या. पोच म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीचं पत्र हातात आल्यावरच पालकांना मार्ग कळवा.

हिशोबनीस · १९ ऑक्टोबर, दुपारी १:१५

पैशांबद्दल लिहितो. थोडं लांबेल, पण धाग्यातला हाच भाग नंतर लोकांना त्रास देतो.

पहिली गोष्ट: पैसे पालक-शिक्षक संघाच्या नावावर, शाळेच्या खात्यात किंवा एखाद्या सरांच्या मोबाइल क्रमांकावर घेऊच नका. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी 'कलम ४१क' ची परवानगी घेतात, तीच. तुमची संस्था नोंदणीकृत न्यास आहे ना? मग पावती पुस्तकं तिची, खातं तिचं, क्यूआर कोडही तिचाच. संघ फक्त चालण्याची व्यवस्था करेल. तसं एक पानाचं पत्र संस्थेकडून शाळेला घ्या: 'अमुक तारखेच्या पदयात्रेतून येणारा निधी आम्ही स्वीकारू, प्रत्येक देणगीची पावती देऊ आणि तो पलंग, गाद्या व अभ्यासिकेच्या सामानावर खर्च करू.'

संस्थेकडून आधी चार कागद मागा: धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचं प्रमाणपत्र, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) मान्यता चालू असल्याचं पत्र, आणि बालगृह असल्यामुळे बालन्याय कायदा २०१५ खालची नोंदणी. चौथा कागद बरेच जण मागत नाहीत. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो लागतो. चांगल्या संस्था हे कागद हसतमुखाने देतात.

दुसरी गोष्ट: नाव आणि पत्ता. दानपेटी किंवा डबा फिरवला की नाव-पत्ता राहत नाही. धर्मादाय न्यासाला मिळालेल्या अशा निनावी देणग्या वर्षभरात एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी तिच्या पुढे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. मुलांच्या नावाने जमलेले पैसे केवळ वहीत पत्ता नाही म्हणून कमी व्हावेत, हे मनाला लागतं. तक्त्यावर नाव आणि पत्ता हे दोन रकाने मोठे ठेवा, रकमेचा लहान.

तिसरी: ज्यांना करसवलत हवी त्यांचा पॅन लिहून घ्या. रोख २,००० रुपयांपर्यंतच ८०जी चालते, त्यापुढे धनादेश किंवा यूपीआय. संस्था आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं १०बीडी विवरण भरते आणि त्यातून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. सवलत त्या प्रमाणपत्रावर मिळते, हातातल्या पावतीवर नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट मिळतच नाही. तेव्हा मुलांच्या तोंडी 'कर वाचेल' हे वाक्य घालू नका.

मोगरा · १९ ऑक्टोबर, दुपारी २:०२

मूळ योजनेतल्या सायकलीच्या बक्षिसाला माझा ठाम विरोध आहे. ज्याच्या वडिलांचा कारखाना आहे तो पन्नास हजार आणेल, ज्याची आई चार घरी धुणीभांडी करते ती मुलगी शंभर रुपयेही कष्टाने आणेल. दोघंही तीन किलोमीटरच चालणार. मग बक्षीस कशाचं?

राजेश_धु · १९ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मोगरा, भावना समजते, पण चुरस नसेल तर निधी जमत नाही. वैयक्तिक बक्षीस नको तर तुकडीला द्या. तुकडीनिहाय बेरीज फळ्यावर लिहिली की मुलं जोमाने कामाला लागतात.

मोगरा · १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१०

तुकडीचीही नको. सेमी-इंग्रजीची तुकडी आणि मराठीची तुकडी यांच्या घरच्या परिस्थितीत फरक असतो आणि मुलांना तो ठाऊक असतो. फळ्यावर लिहिलं की 'तुमच्यामुळे आपली तुकडी मागे' हे वाक्य मधल्या सुट्टीत ऐकू येतंच. एकच आकडा लावा, पूर्ण शाळेचा. दरवाजाशी मोठा कागदी खांब काढा आणि रोज रंग वर चढवा. त्यानेही मुलं जोमाने कामाला लागतात, आणि कोणी मागे पडत नाही.

हिशोबनीस · १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

मोगरा यांना पाठिंबा, आणि त्यासाठी व्यवस्थाही सांगतो. तक्ता उघडा ठेवला तर वर्गात तो एकमेकांचा वाचला जातो. प्रत्येक मुलाला अनुक्रमांक छापलेलं खाकी पाकीट द्या. तक्ता आणि रोख त्यातच, तोंड चिकटवून. वर्गशिक्षकांनी फक्त 'पाकीट आलं' अशी खूण करायची, उघडायचं नाही. ते उघडणार संस्थेचा हिशोबनीस आणि दोन पालक. रिकामं पाकीटही 'आलं' म्हणूनच नोंदवायचं. अशाने संस्थेकडे नाव-पत्ता राहतो आणि वर्गात रक्कम कळत नाही.

पाकिटं मोजताना तिघं हवेत. एक मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, तिसरा लिहितो. प्रत्येक बैठकीला नोटांच्या मूल्यानुसार तक्ता करायचा (५०० च्या किती, २०० च्या किती...) आणि तिघांनी सही करायची. नाणी शंभर-शंभरच्या पिशव्यांत. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात कायद्याने १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, म्हणून बँकेत आधी विचारून जा.

खडू_फळा · १९ ऑक्टोबर, रात्री ८:२५

अवांतर: 'थोडं थोडं, पण सगळ्यांनी' ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. प्रत्येक घरातून दहा-वीस रुपये आले तरी ४२० घरं जोडली जातात, हे मुलांना सांगताना हा दाखला कामी येतो.

समुद्रपार · २० ऑक्टोबर, पहाटे २:१०

इंग्लंडमधल्या शाळांत ही प्रथा जुनी आहे, म्हणून तिथल्या तक्त्याबद्दल लिहिते. त्यावर प्रत्येक देणगीदाराने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि पोस्टकोड लिहायचा, रक्कम व तारीख टाकायची आणि एका चौकोनात खूण करायची असते. ती खूण असली तर देणाऱ्याने भरलेल्या करातून सरकार संस्थेला प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स आणखी देतं. कार्यालयाचा पत्ता लिहिला किंवा नुसतं 'आजी' असं लिहिलं तर ती जादा रक्कम मिळत नाही. म्हणजे तिथेही सगळा खेळ नाव-पत्त्याचाच आहे.

'किलोमीटरमागे रक्कम' याबद्दल इशारा. चालणं झाल्यावर पुन्हा दारोदार जाऊन पैसे आणणं हे दुसरं कामच होऊन बसतं आणि बरीच वचनं तिथेच राहून जातात. मैदानावरच्या फेऱ्यांना तर जास्त धोका. आजोबा फेरीमागे ५० रुपये लिहितात, नातू उत्साहाने ३० फेऱ्या मारतो, आणि आजोबांवर १,५०० रुपये येतात. एकतर ठरावीक रक्कम आधीच घ्या, किंवा तक्त्यावर 'जास्तीत जास्त' असा रकाना ठेवा.

गोदाकाठ · २० ऑक्टोबर, सकाळी ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. सायकल रद्द, टी-शर्टचा विचार चालू आहे. किलोमीटरचा हिशोब सोडून ठरावीक रक्कम घ्यायची, हे पटलं. समुद्रपार, तुमच्या निमित्ताने विचारते: काही मुलांचे मामा-काका अमेरिकेत आहेत. त्यांनी दिलेलं चालेल?

हिशोबनीस · २० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

इथे जपून. मामा भारतीय नागरिक असतील, पासपोर्ट भारताचा असेल, तर तिकडे राहत असले तरी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी 'परकीय योगदान' धरली जात नाही. पासपोर्टची प्रत जोडून घ्या. मामांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असूनही ते परकीय स्रोत ठरतात. मग संस्थेकडे परकीय देणग्या घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. 'इकडे बहिणीच्या खात्यात टाकतो, तू दे' हा मार्गही घेऊ नका. संस्थेची नोंदणी धोक्यात येते आणि भोगावं मुलांना लागतं.

टी-शर्टबद्दल: दीडशे रुपयांचा धरला तरी ४२० मुलांचे ६३,००० होतात. तेवढ्यात किती गाद्या येतील, हे संस्थेला विचारा. त्याऐवजी जाड कागदाचा क्रमांक छातीवर, दोन सेफ्टीपिनांनी. ८४० पिना लागतील, हजार आणा. आणि पाणी, केळी, छपाई यांचा खर्च निधीतून काढू नका. तो संघाने किंवा एखाद्या दुकानदाराने वस्तुरूपात उचलावा, म्हणजे देणाऱ्याचा शंभरातला शंभर रुपया संस्थेत पोहोचतो.

डॉ_साठे_नव्हे_नुसता_वाचक · २० ऑक्टोबर, दुपारी १२:४५

आरोग्याकडे वळतो. तीन किलोमीटरमध्ये डॉक्टरपुढे येणाऱ्या तक्रारी जवळपास ठरलेल्या: नव्या बुटांचे फोड, रिकाम्या पोटी आलेली चक्कर आणि थंडीत उठलेला दमा. तिन्ही आधी टाळता येतात.

सूचनापत्रात लिहा: जुने, सवयीचे बूट आणि सुती मोजे. घरून काहीतरी खाऊन यायचं, दूध-पोळी चालेल. दम्याचा पंप मुलाच्या खिशात, दप्तरात नाही. मधुमेह, झटके, हृदयाचा त्रास, अ‍ॅलर्जी यांची माहिती संमतिपत्रात मागा आणि त्या मुलांची यादी आघाडी-पिछाडीच्या माणसांच्या खिशात ठेवा, फलकावर नाही.

वेळ साडेसातची करा. डिसेंबरात निफाडकडून येणारं वारं अंगाला झोंबतं, सातला मुलं कुडकुडत उभी राहतात. यंदापासून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत असा सरकारचा निर्णय झोपेसाठीच आहे, पाचवीची मुलं त्यांच्यापेक्षा फार मोठी नाहीत.

पाणी मुलामागे अर्धा लिटर: २१० लिटर, म्हणजे २० लिटरचे ११ जार. मोठी माणसं धरून १४ आणा. मुलांनी स्वतःची बाटली आणायची, म्हणजे कागदी पेल्यांचा खच पडत नाही. ओआरएस सगळ्यांना वाटू नका, गरज असेल त्यालाच द्या, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यातच कालवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. केळी ४८०, म्हणजे ४० डझन. दोन दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरवी किंवा काळी मिळतात.

१०८ ही तातडीची सेवा आहे, ती कार्यक्रमभर उभी राहील असं धरू नका. जवळच्या रुग्णालयाशी आधी बोलून एक गाडी आणि परिचारिका ठरवा.

अनघा_पु · २० ऑक्टोबर, दुपारी १:३०

मुलींची स्वच्छतागृहं! आठवी-नववीच्या मुलींसाठी मार्गाच्या मध्यावर एक खात्रीचं, कुलूप नसलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवंच. एखादी शाळा, मंगल कार्यालय किंवा दवाखाना आदल्या दिवशी बघून ठेवा. ते मिळत नसेल तर मार्ग बदला.

पायवाट · २० ऑक्टोबर, दुपारी ३:००

अनघा यांचा मुद्दा आधीच लिहायला हवा होता, पूर्ण सहमत.

माणसं किती लागतील? पाचवी ते सातवीला दहा मुलांमागे एक, आठवी-नववीला पंधरामागे एक. त्यात प्रत्येक तुकडीला आघाडीचा एक आणि पिछाडीचा एक पक्का. पिछाडीच्या माणसाच्या मागे एकही मूल नसलं पाहिजे, हे त्याचं एकमेव काम. फोटो काढणं नाही, फोनवर बोलणं नाही.

दिंडी बघा. प्रत्येक दिंडीला क्रमांक, पुढे पताका, ठरलेली जागा. हजारो माणसं असून कोण कुठे आहे हे सगळ्यांना कळतं, आणि चोपदाराने दंड उंचावला की सगळं शांत होतं. मुलांना हे घरून माहीत असतं. तुकडीला पताका द्या, खुणा ठरवा: एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे चला. आदल्या आठवड्यात मैदानावर दोनदा तालीम.

राजेश_धु · २० ऑक्टोबर, रात्री ९:१५

बालगृहातल्या मुलांचे फोटो फलकावर लावले तर लोकांना पाझर फुटेल. चार-पाच मुलांना व्यासपीठावर बोलावून दोन शब्दही बोलायला लावता येतील.

मोगरा · २० ऑक्टोबर, रात्री ९:४०

राजेश, हे कृपया करू नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा नसता तरी, उद्या तीच मुलं आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर येऊ शकतात. त्यांना 'फलकावरचा मुलगा' म्हणून कोणी ओळखावं का? फलकावर पलंगाचं, पुस्तकांच्या कपाटाचं चित्र काढा. ते आपल्या मुलांनीच काढलेलं असू दे.

राजेश_धु · २० ऑक्टोबर, रात्री १०:०२

कलम माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो. मग त्या मुलांनी चालायला यायचं की नाही?

सुमन_ताई · २१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

त्यांना यावंसं वाटलं आणि संस्थेच्या अधीक्षकांनी होकार दिला, तर यावं. मग तुकड्यांत मिसळून, तसाच क्रमांक लावून. वेगळी रांग नको, वेगळा खाऊ नको, ओळख करून देणं नको. आणि त्या दिवसाचे फोटो शाळेच्या गटावर टाकायचे नाहीत, कारण कोण कोण चौकटीत आलंय हे पाहणं अशक्य असतं. निकाल म्हणून पलंगांचे फोटो टाका, खोली रिकामी असताना.

मुलांनी अनोळखी दारं वाजवायची नाहीत, हेही पत्रात ठळक लिहा. घरचे, नातेवाईक आणि पालक सोबत असताना शेजारी, एवढंच.

गोदाकाठ · २१ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आज बैठक झाली. २१ डिसेंबर, साडेसात. आता पुन्हा मूळ प्रश्नावर येते. गंगापूर रोडचा मार्ग आज पायी मोजला: तीन मोठे चौक ओलांडावे लागतात. पाचवी ते सातवी मैदानावर आणि आठवी-नववी डाव्या वळणांच्या तीन किलोमीटरच्या मार्गाने, असा विचार आहे. मैदानावर २०० मीटरची फेरी बसते. लहानांच्या सहा तुकड्या, म्हणजे अडीचशे मुलं. एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर आहे, तोही मैदानावर सोबत्यांबरोबर फेऱ्या मारेल. हे कसं वाटतं?

पायवाट · २१ ऑक्टोबर, रात्री १०:१०

हेच योग्य आहे. फक्त अडीचशे मुलं एकदम २०० मीटरच्या फेरीवर सोडू नका, नुसती गर्दी होईल. दोन गट करा, सव्वाशेचे. तीन किलोमीटरला १५ फेऱ्या, साधारण पाऊण ते एक तास. पहिला गट साडेसातला, दुसरा पावणेनऊला. फेरी ३० मीटरच्या टेपने मोजून फक्की मारून घ्या. आतल्या कडेने मोजा, कारण मुलं वळणावर आतूनच जातात. चाकाच्या खुर्चीसाठी बाहेरची कडा मोकळी ठेवा आणि तिथली खडी आदल्या दिवशी झाडून घ्या.

फेऱ्या मोजणं अडतं. एक फेरी साडेतीन मिनिटांत होते, म्हणजे तेवढ्या वेळात सव्वाशे मुलं मोजणाऱ्यासमोरून जातात, दर पावणेदोन सेकंदाला एक. एका टेबलाला ते जमत नाही, मुलं साचतात. फेरीच्या वेगवेगळ्या ठिकाणी चार टेबलं, प्रत्येक मुलाचं टेबल ठरलेलं. गळ्यात १५ चौकोनांचं कार्ड, मार्करने एक रेघ. रबरबँडही देतात, पण ते मैदानभर सांडतात आणि चिमण्या-कावळे उचलतात.

शिट्टीवाला · २२ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

रस्त्यावरच्या चार तुकड्यांसाठी एक गोष्ट राहिली. वाटेत घर आलं की मूल रांगेतून निघून जातं, किंवा पालक दारातूनच 'चल घरी' म्हणून नेतात. पिछाडीवाल्याला कळतही नाही आणि शाळेत आल्यावर एक मूल कमी भरतं. मग सगळी शोधाशोध. डोकी तीनदा मोजा: निघताना फाटकात, मध्यावरच्या थांब्यावर, परत आल्यावर. आकडा लिहायचा, तोंडी नाही. पत्रात स्पष्ट लिहा की मूल फक्त शाळेच्या मैदानावर, तुकडीच्या पताकेखाली, वर्गशिक्षकांकडूनच घरी सोडलं जाईल.

हिशोबनीस · २२ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

माझ्याकडून शेवटच्या तारखा. पाकिटं ९ डिसेंबरला द्या, म्हणजे ध्वजदिन उरकलेला असतो. १९ ला परत घ्या, चालण्याच्या आधी. त्या दिवशी मैदानावर रोख हाताळायचीच नाही. राहिलेल्यांसाठी संस्थेचा क्यूआर फाटकाशी लावा आणि शेजारी एक वही: नाव, पत्ता, रक्कम, व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक. शेऱ्यात मुलाचा अनुक्रमांक लिहायला सांगितला तरी तो दरवेळी बँकेच्या विवरणात उमटत नाही, म्हणून वही हवीच.

पावती पुस्तकांचे क्रमांक कोणाकडे किती, याची नोंद एका पानावर. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. ३१ डिसेंबरपर्यंत हिशोब बंद करून पालकांना एक पान द्या: पाकिटं किती, रोख किती, यूपीआय किती, संस्थेची एकत्रित पोच.

गोदाकाठ · २२ ऑक्टोबर, रात्री ८:४५

सगळं उतरवून घेतलं. पोलिसांचा अर्ज निवडणुकीचा निकाल लागल्यावर, २५ नोव्हेंबरच्या सोमवारी देते. तीन आठवड्यांपेक्षा थोडा जास्त वेळ हातात राहतो. चार तुकड्यांचा नकाशा पायवाट यांनी सांगितल्याप्रमाणे काढलाय, पण एका गल्लीच्या तोंडाशी शनिवारी सकाळी भाजीच्या गाड्या लागतात. त्यांना हटवायला सांगणं बरं वाटत नाही.

पायवाट · २२ ऑक्टोबर, रात्री ९:०५

हटवू नका, त्यांची रोजी आहे. आदल्या शनिवारी जाऊन त्यांना सांगून ठेवा की पावणेआठ ते सव्वाआठ मुलं जातील, आणि त्या पट्ट्यात रांग एकेरी करा. पिछाडीचा माणूस तिथे थोडा जास्त थांबेल, एवढाच फरक.